विहीर गोडी, बोअर खारी

प्रश्न : आमची जमीन समुद्राजवळ, सगळी वाळूची. उथळ विहिरीला वर्षभर गोडं पाणी असायचं. ते पुरेना म्हणून शेजारीच खोल बोअर मारली. काही महिन्यांत तिचं पाणी खारं झालं, आता विहिरीचंही मचूळ लागतंय. बोअर आणखी खोल नेली तर गोडं पाणी लागेल का?

उत्तर : कृपा करून खोल जाऊ नका. बोअरचा पंप तर आजच बंद करा.

वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं. दोन्हींच्या घनतेत फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. त्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली गोडं पाणी साधारण ४० मीटरपर्यंत असतं. घायबेन या डच अभियंत्याने आणि पुढे १९०१ मध्ये जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी हे दाखवून दिलं. घात होतो तो याच हिशेबाने : उपशामुळे पातळी अर्धा मीटर उतरून तशीच राहिली, तर खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकतं. बोअरखाली तर ते शंकूसारखं वर ओढलं जातं. तुमचं तेच झालंय.

आणि बिघडायला फार लागत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. त्याचा २ टक्के अंश मिसळला तरी क्लोराइड ३८० मिलिग्रॅमने वाढतं, आणि २५० च्या पुढे ते जिभेला कळू लागतं.

खाली चिकणमातीचा जाड थर असेल तर त्याखालच्या बंदिस्त जलधरात (पाणी धरून ठेवणाऱ्या थरात) गोडं पाणी मिळू शकतं. पण भूवैज्ञानिकाने तपासल्याशिवाय त्या आशेवर पैसे घालू नका. कातळातल्या भेगांचा हिशेब आणखी वेगळा.

बोअर नुसती झाकू नका, नीट बुजवून घ्या. नाहीतर खारं पाणी त्याच वाटेने वर येत राहील. विहिरीतून वरवरचंच पाणी घ्या, थोडं थोडं, मध्ये थांबून. जास्त हवं असेल तर समुद्रापासून आत, एकमेकींपासून लांब अशा उथळ विहिरी खणा. छपराचं पाणी गाळून जमिनीत मुरवा. ॲमस्टरडॅमच्या वाळूच्या टेकड्यांत अति उपशाने असंच खारं पाणी वर चढलं होतं. १९५७ पासून तिथे ऱ्हाईन नदीचं पाणी आणून मुरवतात.

दर महिन्याला टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा आणि पाण्याची पातळी वहीत टिपा. सुधारायला काही पावसाळे जातील. नोंदी मला पाठवा, मी पाहीन.