डिझायनरचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून सुरुवातीला काय करावं

सगळं ठरून झाल्यावर डिझायनरला फक्त अ‍ॅपचे स्क्रीन बनवायला देतात, ही तुझी तक्रार खरी आहे. पण खचू नकोस, यातून बाहेर पडता येतं.

सर्वांत आधी कंपनीला पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो, ते शिकून घे. सेल्स किंवा फायनान्समधल्या कुणाबरोबर तरी चहाला बस आणि सरळ विचार. मग ‘हा फॉर्म किचकट आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘शंभरातले इतके जण पत्त्याच्या रकान्यापाशी सोडून जातात’ असं सांगता येईल. आकडा तुमच्याच अ‍ॅनालिटिक्समधला, म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात त्याच्या नोंदींमधला हवा. अंदाजपंचे बोलताना एकदा सापडलास, की पुढचं कुणी मनावर घेत नाही.

दुसरं, कस्टमर केअरचे कॉल ऐक. प्रॉडक्ट मॅनेजरलाही शेजारी बसव.

तिसरं, छोटे प्रयोग. एअरबीएनबी म्हणजे प्रवाशांना लोकांची घरं मुक्कामाला मिळवून देणारी कंपनी. तिचे संस्थापक ब्रायन चेस्की आणि जो गेबिया दोघेही डिझाइन शिकलेले. २००९ मध्ये धंदा रखडला होता, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांचे चांगले फोटो स्वतः काढले. कमाई वाढली. सादरीकरणापेक्षा असा एक प्रयोग जास्त बोलतो.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- रंग आणि फॉन्टवरून भांडणं
- भरल्या मीटिंगमध्येच डिझाइन पहिल्यांदा दाखवणं (आदल्या दिवशी एकेकाला भेटून दाखव, निम्मा विरोध तिथेच मावळतो)
- आधी हुद्दा मागणं

बाकीचं आत्ता राहू दे. या आठवड्यात फक्त तो चहा घे आणि काय कळलं ते मला सांग.