पानं फाडायची नाहीत

पत्र: मावशी, नोकरी, दोन मुलं, आजारी सासरे, सगळं माझ्यावरच. रोज थोडं डायरीत लिहायची फार इच्छा आहे पण वेळच मिळत नाही. दर वेळी हौसेने सुरू करते, आठवडाभर चालतं, एखादा दिवस चुकला की बंदच पडतं. मोबाइलवर अ‍ॅप घेऊन पाहिलं, नवी डायरी आणून पाहिली. मागच्या महिन्यात तर लिहिलेली पानं फाडूनच टाकली, नुसतं रडगाणं होतं. सकाळी लिहू की रात्री? – दमलेली

अगं, सकाळ की रात्र ते बघू नंतर, आधी मला सांग पानं का फाडलीस? एका ओळीत उरकून पुढे गेलीस तू, पण मी तिथेच अडकले. जिला वेळ नाही ती बाई निवांत बसून जुनं लिहिलेलं वाचते, हे काही बरं नाही असं ठरवते आणि टराटरा फाडते, तेवढ्या वेळात चार दिवसांचं लिहून झालं असतं गं! त्यामुळे वेळ नाही हे मला पटत नाही. रागावलीस तरी चालेल.

आणि रडगाणं म्हणजे काय होतं त्यात? सासऱ्यांची दुखणी, ऑफिसमधली बोलणी, नवऱ्यावरचा राग, हेच ना? मग तुझे दिवस तसेच चाललेत, दुसरं काय लिहिणार होतीस? दिवसभर सगळ्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं आणि रात्री स्वतःच्या वहीतही शहाणंच दिसायचं, याने माणूस दमणार नाही तर काय होईल. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बीअल या दोघांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात जड लिहायला लावलं होतं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं त्यांना लिहून झाल्यावर उलट वाईटच वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या बाकीच्यांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे लिहून लगेच हलकं वाटलं नाही म्हणून ते वाया गेलं असं नसतं, आणि तू नेमकं त्याच घटकेला फाडतेस.

तर आता नवी डायरी आणायची नाही. ती फाडलेलीच काढ, त्या उरलेल्या कडांच्या पुढच्या पानावर आजची तारीख टाक आणि तीन ओळी लिही, तीनच. "बाबांनी गोळी घेतली नाही, मी ओरडले. धाकटीचा बूट सापडेना, बस चुकली. दुपारी पाच मिनिटं खिडकीशी उभी राहिले, बरं वाटलं." झालं, मिटव. कालचं वाचायचं नाही, अक्षर बघायचं नाही, महिनाभर तरी मागे पान उलटायचं नाही. कोणी वाचेल अशी धास्ती असेल तर कुलपात ठेव, पण फाडायची नाहीस.

रात्री दात घासून आलीस की लिही, कारण ते तू कितीही दमलीस तरी करतेसच, त्याच्या पाठोपाठ हे. आणि दिवस चुकला तर चुकला गं, मागचं भरून काढत बसू नकोस, आजची तारीख टाकून पुढे चल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सोबतच्यांनी २०१० मध्ये सवयींचा अभ्यास छापला, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस राहिला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तू मात्र आठवड्यातच स्वतःला नापास करून मोकळी होतेस.

आज रात्री सासऱ्यांचं आवरलं, मुलं झोपली की मला उत्तर लिहीत बसू नकोस, आधी त्या तीन ओळी लिही. नवऱ्याचा राग आला असेल तर पहिली ओळ त्याचीच येऊ दे.