कागदी कपाचं धुणं कोण धुतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑफिसात दिवसाला तीन-चार कॉफ्या कागदी कपातून होतात, स्वतःचा मग न्यावा असं वाटतं, पण शेजारच्या टेबलावरचे म्हणतात, "मग धुवायला पाणी लागणार, साबण लागणार, शेवटी फिट्टंफाट." खरंच फिट्टंफाट होते का?

होत नाही. पण त्या शेजारच्याला लगेच वेड्यात काढू नका. एका परिस्थितीत त्याचं म्हणणं खरं ठरतं, ती पुढे सांगतो.

मी अमळनेरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. त्याहून इथे कामाची ओळख म्हणजे आमच्या आप्पांचं चहाचं हॉटेल आहे. आमच्याकडे टपरीलाही हॉटेलच म्हणतात, तेव्हा डोळ्यांसमोर फार मोठं काही आणू नका. एक शेगडी, दोन बाकडी, एक कूलर आणि गल्ल्यावर आप्पा. 2020 पर्यंत तिथे काचेचे ग्लास होते. कोरोना आला तसे ग्लास गोणीत गेले आणि कागदी कप आले. कोरोना गेला, कप राहिले. आप्पांना ते बरंच पडलं. ग्लास विसळायला पोऱ्या नको, फुटतूट नको, पाणी नको. मी विषय काढला की उत्तर ठरलेलं : "धोवाले पानी कोठे शे, भो?"

प्रश्न खोटा नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडे बोरी नदीत वाळू असते, पाणी नसतं. नळाच्या पाळ्या लांबतात, टँकरची चौकशी सुरू होते. अशा गावात 'कप धुवा' म्हणणं पुस्तकी वाटतं. म्हणून मी एका रविवारी जुने ग्लास गोणीतून काढले आणि पाणी मोजायला बसलो. त्या दिवशी साधारण चारशे चहा गेले. तीन बादल्या ओळीने मांडल्या : पहिलीत उष्टं विसळायचं, दुसरीत साबण, तिसरीत चांगलं पाणी. तिसरीतलं पाणी जुनं झालं की ते पहिलीत ओतायचं. रात्री हिशोब केला तर पंधरा लिटरच्या सात बादल्या लागल्या होत्या. म्हणजे 105 लिटर, एका ग्लासाला पाव लिटरच्या थोडं वर. आप्पांना वाटत होतं दोन पिंपं जातील. मे महिन्यात आमचा कूलर भर दुपारी यातलं निम्मं पाणी पितो, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आता ऊर्जेचं बघू. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी 1994 मध्ये नेमका तुमचाच प्रश्न आकड्यांत मांडला होता. त्यांचे आकडे मी सोयीसाठी आपल्या लाईट बिलातल्या युनिटमध्ये बदलून देतो. चिनी मातीचा जाडजूड मग बनवायला जवळपास 4 युनिट ऊर्जा. काचेचा कप दीड युनिट. कागदी कप 0.15 युनिट. आणि गरम पाण्याच्या मशीनमध्ये एक कप एकदा धुवायला 0.05 युनिट. यावरून त्यांनी काढलं, की काचेचा कप 15 वेळा वापरला की कागदी कपाच्या बरोबरीला येतो, चिनी मातीचा मग 39 वेळा. त्यानंतर प्रत्येक वापर फायद्याचा. थर्माकोलच्या कपाशी तुलना केली तर मात्र त्याच मगाला हजाराच्या वर वेळा वापरावं लागतं, कारण थर्माकोलचा कप म्हणजे दोन ग्रॅमसुद्धा नसतो, बाकी सगळी हवा. तुमचे शेजारी बहुधा तोच आकडा कुठून तरी ऐकून आले असतील. आपल्याकडे थर्माकोलचे कप बंद झालेत, त्यामुळे ती तुलना आता सोडून द्या.

पण हॉकिंग यांचा कागदी कप 8.3 ग्रॅमचा होता. आमचा? किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर 50 कपांचं पाकीट ठेवलं, 100 ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे कप दोन ग्रॅमचा. त्याच प्रमाणात ऊर्जा धरली तर 0.04 युनिटसुद्धा होत नाही. आणि मशीनमध्ये एक कप धुवायला लागतात 0.05! म्हणजे टपरीवरचा चिमुकला कप आणि त्या काळचं गरम पाण्याचं मशीन यांची जोडी लावली तर कागदी कप जिंकतो. मी म्हटलं ना, एका परिस्थितीत शेजारी खरं बोलतोय. ती ही. अर्थात मशीन आता पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खातात आणि आमच्याकडे मशीन नाहीच. थंड पाण्याने ग्लास धुतला तर ऊर्जा शून्याच्या जवळ. थंड म्हणायचं आपलं. भुसावळ-अमळनेरकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येतं त्यात हात घालवत नाही. सूर्य फुकट तापवून देतो, त्याचं बिल कुणी धरत नाही.

तर आमचा ग्लास 100 ग्रॅमचा, गार पाण्याने धुतलेला. वीस-एकवीस चहा झाले की तो कागदाच्या बरोबरीला. चार डझन ग्लास आणि चारशे चहा, म्हणजे एकेक ग्लास दिवसातून आठदा फिरतो. तिसऱ्या दिवशी वसूल. आठवड्याला दोन-तीन फुटतात, त्यावरून काढलं तर एक ग्लास सरासरी चार-साडेचार महिने जगतो आणि तेवढ्यात हजारभर चहा पाजून जातो. हजार चहाला कागदी कप वापरले असते तर दोन किलो कागद गेला असता. आणि तोही रद्दीतून आलेला नव्हे. खाण्यापिण्याच्या वस्तूला लागतो तो नवा, लाकडाच्या लगद्याचा.

हे झालं बनवण्याचं. माझं खरं भांडण मात्र कप फेकल्यानंतर सुरू होतं.

कागदी कप नुसता कागदी नसतो. आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, वजनाच्या साधारण पाच टक्के. तो नसता तर चहा हातावर आला असता. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. आमच्या अकरावीच्या पोरांकडून मी करून घेतो. कप फाडून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा. सकाळी कागद लिबलिबीत होतो आणि आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक फिल्म सुटून येते. ती हातात धरल्यावर पोरं गप्प होतात. या फिल्ममुळे साध्या कागद कारखान्याला कप नको असतो आणि म्हणून आमच्या गल्लीतला रद्दीवालाही घेत नाही. तो पुठ्ठा घेतो, बिअरची बाटली घेतो, तुटलेली खुर्ची घेतो. कपांची गोणी फुकट देऊ केली तरी म्हणतो, "राहू द्या सर."

मग कप जातो कुठे? काही गटारीत, आणि मृगाच्या पहिल्या सरीला गटार तुंबली की वर येतो. काही गाईच्या पोटात, कारण तळाशी साखर असते. काही संध्याकाळी झाडलोट करून पेटवले जातात, तो वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. उरलेले कचऱ्याच्या ढिगात दबतात, तिथे हवेशिवाय कागद कुजून मिथेन निघतो आणि प्लास्टिकची फिल्म आहे तशीच राहते. थोडक्यात, आप्पांचं धुण्याचं काम संपलं असं आम्हाला वाटलं, पण ते फक्त आमच्या बादलीतून उठून गावाच्या गटारीत गेलं. तिथे ते करायला पोऱ्या ठेवलेला नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी मार्च 2018 पासून आहे आणि जुलै 2022 मध्ये प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप-प्लेटाही तिच्यात घातले गेले. आम्ही ज्याच्याकडून कप घेत होतो तो घाऊकवाला तरीही शांतपणे म्हणायचा, "हे प्लास्टिक नाही सर, पेपर आहे." मी त्याला एकदा ती फिल्म दाखवली. त्याने बघितली आणि विचारलं, "किती पाकिटं देऊ?"

तब्येतीचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी खाली कॉमेंटमध्ये विचारेलच. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये मोजलं होतं : 85 ते 90 अंशांचं 100 मिलिलिटर गरम पाणी कागदी कपात 15 मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे 25 हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. व्हॉट्सॲपवर हा आकडा फिरतो तेव्हा '15 मिनिटं' गळून पडलेलं असतं. आमच्याकडचा कट चहा दोन मिनिटांत संपतो. तुमच्या ऑफिसातली कॉफी मात्र मीटिंग संपेपर्यंत तशीच बसत असणार, तेव्हा तो आकडा आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त लागू.

"मग कुल्हड, म्हणजे भाजलेल्या मातीचा कप, का नाही?" हाही प्रश्न येतो. 2004 मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर कुल्हड आणले होते, दिसायला छानच. पण तो कागदी कपापेक्षा कितीतरी जड, भट्टीत इंधन जाळून भाजलेला आणि एकदाच वापरायचा. लोक म्हणतात, माती मातीत मिळते. भाजलेली माती नाही मिळत हो. आमच्याच खानदेशात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे 1955 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली खापरं निघाली. तीन हजारांवर वर्षं जमिनीत राहून ती खापरंच राहिली होती. कुल्हड घरी नेऊन धुऊन रोज वापरत असाल तर वेगळी गोष्ट. फेकायचाच असेल तर माझी त्याला फार सहानुभूती नाही. पळसाच्या द्रोणाला आहे, पण द्रोणात चहा कोण पिणार!

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून कपावरून भांडणारे दोन्ही पक्ष नाराज होतात. चहा-कॉफीच्या पेल्यातला सगळ्यात जड भाग कप नाहीच, दूध आहे. एक लिटर दुधामागे जागतिक सरासरी काढली तर तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडएवढा भार पडतो. आमच्याकडे चारशे चहांना वीस लिटर दूध लागतं. म्हणजे दुधाचे साठ किलो झाले आणि कप सगळे मिळून आठशे ग्रॅम कागद. त्या कागदाच्या वजनाच्या चारपट भार धरला तरी तो दुधापुढे किरकोळ. चहा सोडा असं मी खानदेशात राहून म्हणणार नाही, मला गावात राहायचंय. पण मगात भरलेली अर्धी कॉफी गार झाली म्हणून सिंकमध्ये ओतत असाल, तर स्वतःचा मग आणून वाचवलेलं तिथेच गेलं.

आता तुमचा मग. ऑफिसातला कागदी कप तीन ग्रॅमचा आणि मग हॉकिंग यांच्यासारखा जाड चिनी मातीचा धरला, तर साध्या पाण्याने धुतल्यास सत्तर वेळा वापरून तो वसूल होतो. दिवसाला तीन कॉफ्या, म्हणजे महिनाभर. त्यात अट एकच, तो रोज वापरायचा. लोक निसर्गप्रेमाच्या भरात झाकणाचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग घेतात. वजनाला वजन धरलं तर स्टील बनवायला काचेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. तो मग आठवडाभर मिरवला जातो, मग त्याच्या रबराला वास येतो आणि तो ड्रॉवरमध्ये जातो. पुढच्या दिवाळीला कंपनी दुसरा देते. असले तीन मग ड्रॉवरमध्ये ठेवून कागदी कपाला नावं ठेवणारे लोक माझ्या स्टाफरूममध्येही आहेत.

धुताना नळ सोडून उभं राहू नका. कॉफी संपली की लगेच दोन घोट पाणी घालून हिसळा, डाग धरत नाही. साबण दिवसातून एकदा पुरे. गिझरचं पाणी नको. अर्धा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचं तर 0.017 युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे तुमच्या कागदी कपाच्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा तिथेच जातो.

आप्पांनी शेवटी ग्लास परत घेतले, माझ्या आकड्यांमुळे नव्हे. पाकिटाचे रोजचे पैसे वहीत वेगळे लिहायला लावले, तेव्हा. तरी कागदी कप गल्ल्याखाली असतातच. पार्सलला लागतात. आणि वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या कोरड्या पात्रात भरते, तेव्हा वाळूत चारशेचे चार हजार चहा होतात आणि तिथे बादली भरायला खरंच पाणी नसतं. त्या दिवसांत मी आप्पांना काही बोलत नाही, फक्त एक मोठी गोणी नेऊन ठेवतो आणि कप त्यातच टाका म्हणून ओरडत बसतो.

नवा मग विकत घेऊ नका. लग्नात आलेल्या सहाच्या सेटातला एखादा उरलेला असेल घरात. कान तुटलेला असला तरी चालेल, ऑफिसात कुणी पळवणार नाही.