एफएक्स-8350 : कोअर चार की आठ?

तुमचा प्रश्न असा आहे की एएमडीच्या एफएक्स-8350 प्रोसेसरच्या खोक्यावर आठ कोअर (सूचना चालवणारे भाग) छापलेत, पण टास्क मॅनेजर कोअर 4 आणि लॉजिकल प्रोसेसर 8 दाखवतो, मग चार कोअर मेले का? नाही. विंडोज 8 पासून पुढे विंडोज या प्रोसेसरचं एक मॉड्यूल, म्हणजे दोन कोअरची जोडी, एकच कोअर धरते. आकडा 4 आणि 8 असाच दिसला पाहिजे. लॉजिकल प्रोसेसर आठपेक्षा कमी दिसले तरच काळजी करा. तेव्हा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एखादं मॉड्यूल बंद आहे का, आणि विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये बूट टॅबमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरच्या संख्येवर टिक राहिली आहे का, एवढं बघा.

खरा घोळ मॉड्यूलमध्ये आहे. एएमडीने 2011 मध्ये बुलडोझर आणला तेव्हा दोन कोअरची जोडी एका मॉड्यूलमध्ये बसवली. तुमचा 8350 त्याच्या पुढच्या पिढीचा, पाइलड्रायव्हर. प्रत्येक कोअरला पूर्णांकांची गणितं करणारी स्वतःची यंत्रणा आणि 16 केबीची डेटा कॅशे (जवळची वेगवान मेमरी) आहे. मात्र सूचना आणणं, डिकोड करणं, 64 केबीची इन्स्ट्रक्शन कॅशे, 2 एमबीची एल-2 कॅशे आणि दशांशाची गणितं करणारं एफपीयू हे सगळं दोघांत मिळून एकच. त्या एफपीयूत 128 बिटांचे दोन भाग आहेत, 256 बिटांची एव्हीएक्स सूचना (एकदम अनेक आकड्यांवर गणित करणारी) आली की दोन्ही भाग तिच्यातच गुंततात.

म्हणून हे इंटेलच्या चार कोअर-आठ थ्रेडवाल्या आय-7 सारखं नाही (थ्रेड म्हणजे चालणाऱ्या सूचनांची एक रांग). हायपरथ्रेडिंगमध्ये, म्हणजे इंटेलच्या एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या पद्धतीत, दुसऱ्या थ्रेडसाठी मुख्यतः रजिस्टर वगैरे थ्रेडची स्थिती वेगळी ठेवलेली असते, गणितं करणारी युनिटं एकच. एक थ्रेड रॅमची वाट बघत अडकला किंवा त्याच्याकडून काही युनिटं रिकामी राहिली की दुसरा ती वापरतो, फायदा तेवढाच. एफएक्सचा दुसरा कोअर त्याहून बराच खरा आहे, पण पूर्ण स्वतंत्रही नाही. अमेरिकेत याला आठ कोअर म्हणण्यावरून खटला झाला आणि 2019 मध्ये एएमडीने 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन तो मिटवला, म्हणजे गोंधळलेले तुम्ही एकटे नाही.

स्वतः तपासायचं असेल तर बायोसमध्ये टर्बो कोअर (वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद करा. नाहीतर एकच मॉड्यूल जागं असताना प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग वर चढतो आणि तुलना फसते. मग 7-झिप या फाइली झिप करणाऱ्या प्रोग्रॅममधला बेंचमार्क (वेगचाचणी) दोन थ्रेडवर, त्यातलं डिक्शनरीचं सेटिंग तेच ठेवून चालवा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये त्या प्रोसेसवर राइट क्लिक, सेट ॲफिनिटी, आधी सीपीयू 0 आणि 1, नंतर 0 आणि 2. पहिली जोडी एकाच मॉड्यूलमधली, दुसरी दोन वेगळ्या मॉड्यूलमधली. दुसरा आकडा मोठा येईल, तो फरक म्हणजे वाटणीची किंमत. लिनक्सवर हे करताना जोड्या आधी बघून घ्या, कारण इंटेलच्या चार कोअरवाल्या मशीनवर 0 चा जोडीदार बहुधा 1 नसून 4 असतो.

विंडोज 7 वापरत असाल तर जानेवारी 2012 चे दोन शेड्यूलर हॉटफिक्स (कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या दुरुस्त्या) टाकाच. ते नसतील तर विंडोजला आठही कोअर सारखेच वाटतात आणि तीन मॉड्यूल रिकामी असतानाही दोन जड थ्रेड एकाच मॉड्यूलमध्ये कोंबले जाऊ शकतात. गेम अडखळण्याचं हे एक कारण. दुसरं कारण हॉटफिक्सने जात नाही: या पिढीत एकेका कोअरचा वेगच कमी आहे, आणि बऱ्याच जुन्या गेम एक-दोन थ्रेडवरच चालतात.

2017 च्या झेन या पिढीपासून एएमडीने मॉड्यूल सोडून दिलं, तिथे एका कोअरवर दोन थ्रेड हा सरळ हिशोब आहे. इंटेलच्या 12900के मध्ये 8 मोठ्या कोअरवर दोन-दोन आणि 8 लहानांवर एकेक, असे 24 थ्रेड होतात. तेव्हा नुसत्या थ्रेडच्या आकड्यावरून दोन प्रोसेसरांची तुलना करू नका.

तुमच्या 8350 वर कोड कंपाइल करताना किंवा फाइली झिप करताना आठ थ्रेड द्या. एव्हीएक्सवर चालणारं जड गणित असेल तर एकदा आठ आणि एकदा प्रत्येक मॉड्यूलला एक असे चार देऊन वेळ मोजा. चारला जवळपास तेवढाच वेळ लागत असेल तर चारच ठेवा, 125 वॉटचा प्रोसेसर आहे, कूलरवरचा ताण तरी कमी होईल.