तुमचे प्रश्न : ग्रहणाचं सोडा, खरवडलेल्या रंगाकडे बघा

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मला तिसरा महिना चालू आहे. आम्ही लष्कर भागात जुन्या वाड्यात राहतो, दिवाळीच्या आधी पुताई म्हणजे रंगकाम काढलंय, दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट पॉलिश पेपरने घासून काढणार आहेत. सासूबाई म्हणतात ग्रहणात बाहेर पडायचं नाही, जेवायचं नाही, चाकू हातात घ्यायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. नणंद म्हणते मोबाइल पोटाजवळ नेऊ नकोस. रंगाचं मात्र कुणीच काही बोलत नाही, उलट तू घरीच असतेस तर कारागिरांवर लक्ष ठेव म्हणतात. नक्की कशाला घाबरू?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : अगं, ज्याचं कुणी बोलत नाही तेच तू बरोबर हेरलंस. कारागिरांवर लक्ष ठेवायला घरातलं दुसरं कुणीही चालेल, तू नाही, आणि हे घरात स्पष्ट सांग, माझं नाव घेऊन सांग.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे तुमच्या वाड्याच्या दारांवर त्याआधीचे किती थर असतील विचार कर. रंग दारावर गप बसलेला असतो तोवर ठीक, पण कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते, ती भांड्यांवर, अंथरुणावर, पोळीच्या पिठावर बसते आणि श्वासातून, हातातून पोटात जाते. शिसं वार (प्लॅसेंटा) ओलांडून सरळ बाळापर्यंत पोचतं. त्याने गर्भपात होऊ शकतो, वजन कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाळाच्या मेंदूची, कारण हे नुकसान जन्मल्यावर दिसत नाही, पुढे शाळेत मूल मागे पडायला लागतं तेव्हा जाणवतं आणि तेव्हा कुणाला हा रंग आठवत पण नाही. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अजून एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. शरीर शिशाला कॅल्शियमसारखंच वागवतं, हाडात साठवतं, तिथे ते वर्षानुवर्षं राहतं, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडातून कॅल्शियम निघायला लागलं की हे जुनं शिसंही त्याच्यासोबत रक्तात येतं. म्हणून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, या दोन्हींची कमी असेल तर शिसं अंगात जास्त शोषलं जातं.

आता करायचं काय, तर जमलं तर घासकाम बाळंतपणानंतर करा. अगदीच करायचं असेल तर तेवढे दिवस तू माहेरी जा, घासायच्या आधी पृष्ठभाग ओला करायला सांगा, आणि नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या, दोन-तीनदा, मगच तू परत ये. आणि हो, मारुतीला किंवा गणपतीला शेंदूर लावायचं काम तुझ्याकडे असेल तर या नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणाकडे दे, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. सुरम्यातही बऱ्याचदा शिसं असतं, तोही नको.

ग्रहणाने बाळाला काही होत नाही. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तो न जुळण्यामागे आनुवंशिकता असते, आईचं धूम्रपान असतं, काही औषधं असतात. सासूबाईंचं मन राखायला घरात बसलीस तर बस, काही बिघडत नाही, पण उपाशी राहू नकोस आणि पाणी तर अजिबात बंद करू नकोस. मोबाइलने बाळाला इजा होते असा पुरावा नाही.

प्रश्न : सुनेची तारीख जानेवारीतली आहे. आमच्याकडे थंडीत रात्री खोलीत कोळशाची सिगडी ठेवायची पद्धत आहे, दार-खिडक्या लावून. मुलगा नको म्हणतो. आम्ही पण असंच तर वाढलो ना?
— एक आजी, मुरार

उत्तर : आजी, या बाबतीत मुलाचं ऐका, हात जोडून सांगते. ग्वाल्हेरची थंडी मला माहीत आहे, पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो, त्याला ना वास ना रंग, तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. आईला नुसतं डोकं दुखल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटतं तेव्हाही पोटातल्या बाळाला जास्त त्रास होत असू शकतो, कारण बाळाच्या रक्तात हा वायू जास्त साचतो आणि उतरायलाही जास्त वेळ लागतो. मेंदूला इजा होऊ शकते, बाळ पोटातच जाऊ शकतं. बाळंतिणीच्या खोलीतही सिगडी नकोच, शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा, खोलीला इलेक्ट्रिक हीटर लावा. बाथरूममधला गॅस गिझरही याच कारणाने घातक, तो बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या.

प्रश्न : माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. बायकोला पाचवा महिना. ती दुकानात येत नाही, मग तिला काही धोका आहे का? सिगरेट मी गच्चीवर जाऊन ओढतो.
— एक वाचक, हजीरा

उत्तर : दादा, ती दुकानात येत नाही पण दुकान तुमच्या कपड्यांवर बसून घरी येतं. बॅटरीत शिसंच असतं. दुकानातच हातपाय, तोंड साबणाने धुवा, कपडे आणि चपला तिथेच बदला, घरी येताच आंघोळ करा, आणि कामाचे कपडे बायकोला धुवायला देऊ नका, स्वतः वेगळे धुवा. तुमची आणि तिची, दोघांची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना धंदा काय ते सांगूनच. गच्चीवर ओढलेल्या सिगरेटचा अंश कपड्यांवर, श्वासात घरात येतोच, आणि दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन कमी भरतं. सोडाच ती.

प्रश्न : दिवस गेलेत हे कळायच्या आधी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. मी रोज रडतेय, मूल ठेवू की नको?
— एक वाचक, थाटीपूर

उत्तर : ठेव, आणि रडणं थांबव. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे किरण मोजायचं माप) कमी किरण पोचतात, आणि ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग होण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. हजारो पटींचा फरक आहे गं. खोकल्यासाठी त्या वेळी कुठली औषधं घेतलीस ती चिठ्ठी मात्र तुझ्या डॉक्टरांना दाखव, आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर आजच त्यांना विचारून सुरू कर.