१० मीटरवर डावीकडे खाली लागणारं .३२ रिव्हॉल्वर: फ्रंट साइट घासावी का?

तुमचं रिव्हॉल्वर .३२ चं, साइट (नेम धरायच्या खुणा) फिक्स्ड, म्हणजे न हलणाऱ्या. मुंबईतल्या रेंजवर १० मीटरवरून गोळ्या डावीकडे आणि खाली लागतात, म्हणून फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, कानशीने घासून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता मुळीच नाही. घासलेलं पोलाद परत येत नाही, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या नेमक्या डावीकडे खाली लागत असतील तर बहुतेक वेळा दोष साइटचा नसतो. चाप सुटायच्या क्षणी अख्खी मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड तिकडे झुकतं.

हे तपासायची सोय रिव्हॉल्वरमध्येच आहे. सिलिंडरमध्ये दोन-तीन जिवंत काडतुसं आणि बाकी डमी (न उडणारी नकली), अशी सरमिसळ दुसऱ्याला भरायला सांगा. क्रम तुम्ही बघायचा नाही. डमीवर हॅमर (घोडा) पडला आणि फ्रंट साइट खाली दचकली, तर साइटला हात न लावता सराव करा. त्यानंतर रेंजवरच्या एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला तेच रिव्हॉल्वर आणि तीच काडतुसं देऊन ५ गोळ्या मारायला सांगा. त्याचाही ग्रुप (भोकांचा पुंजका) तिथेच पडला, तरच पुढचं वाचा.

आता ग्रुप नीट काढायचा. वाळूच्या पिशवीवर हात आणि मनगट टेकवा, नळी टेकवू नका. गोळी नळीत असतानाच धक्का सुरू होऊन तोंड वर उचलायला लागतं. नळी टेकलेली असली की ते उचलणं बदलतं आणि गोळी भलतीकडे लागते. हॅमर मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये मारा. ५-५ गोळ्यांचे तीन ग्रुप, तिन्ही नव्या कागदांवर. हातून चुकलेली गोळी सोडून द्या आणि ग्रुपचा मध्य मोजा, एकेक भोक नव्हे. नेम कुठे धरता तेही ठरवून टाका. कोणी बुलच्या, म्हणजे टार्गेटमधल्या काळ्या वर्तुळाच्या, मध्यावर धरतो, कोणी बुलच्या खालच्या कडेवर. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचा काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे एवढ्यानेच १०० मिलिमीटरचा फरक दिसू शकतो.

काडतूसही ठरलेलं हवं. जड, हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं, म्हणून ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं वापरणार असाल तर साइटही त्यांच्यावरच लावा. काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते, तेव्हा एक जात पक्की करणं खिशालाही बरं.

आता हिशोब. चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. समजा दोन साइटमध्ये १२५ मिलिमीटर आहेत आणि १० मीटरवर ग्रुप ४० मिलिमीटर खाली आहे. ४० × १२५ ÷ १०,००० = ०.५ मिलिमीटर. एवढंच! कानशीचे चार हात जास्त पडले की गोळ्या वर लागायला लागतात, आणि मग साइटवर धातू चढवणं किंवा ती बदलणं, एवढंच उरतं. म्हणून आधी ०.३ घासायचं, मारून बघायचं, मग उरलेलं.

नियम असा: रिअर साइट (मागची, खाचेची) जिकडे सरकेल तिकडे गोळी सरकते, फ्रंट साइटचं बरोबर उलट. फ्रंट ठेंगणी झाली की गोळी वर. डावीकडे जाणाऱ्या गोळीसाठी फिक्स्ड साइटमध्ये रिअरच्या खाचेची उजवी कड किंचित रुंद करतात. नळी आट्यांवर थोडी आवळूनही हे साधतं, पण त्यात सिलिंडर आणि नळीमधली फट बदलू शकते. ॲडजस्टेबल रिअर साइट असती तर स्क्रूवर भागलं असतं. तिथे स्क्रू कुठे फिरतो यापेक्षा रिअर साइटचं पातं कुठे सरकतं ते बघा.

आधी खाच, मग उंची, असा क्रम मला पटतो, कारण खाच रुंद झाली की नेम थोडा बदलतो आणि उंची पुन्हा मोजावी लागते. कानस मात्र घरी चालवू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दुरुस्तीचं काम परवानाधारकाकडेच करून घ्यायचं. गनस्मिथकडे जाताना तिन्ही कागद न्या, त्यावर अंतर आणि काडतूस लिहून. घासलेल्या जागी कोल्ड ब्ल्यू (पोलाद काळं करणारं रसायन) लावून तेलाचा हात फिरवायला सांगा: आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं पोलाद पावसाळ्यात बघता बघता गंजतं, आणि चकाकणाऱ्या साइटची कड उन्हात विरघळल्यासारखी दिसून ग्रुप पुन्हा सरकतो.