डच, डॉइच आणि आपला वलंदेज

हॉलंडच्या लोकांना डच का म्हणतात आणि डच नि जर्मनांचं 'डॉइच' यांचं काही नातं आहे का, असा प्रश्न आलाय. नातं आहे, अगदी सख्खं आहे. जुन्या जर्मानिक भाषांत लोक, जनता या अर्थी एक शब्द होता, त्यावरून 'थिउडिस्क' म्हणजे लोकांची भाषा, म्हणजे चर्च आणि पोथ्या लॅटिनमधे पण घरात-बाजारात बोलायची ती ही. लॅटिन कागदात याचं 'थिओडिस्कस' हे रूप इ.स. ७८६ मधे सापडतं. मूळ थिउडिस्कचंच जर्मनांकडे डॉइच झालं, आणि डच हा शब्दही त्यातूनच आला.

इंग्रज आधी जर्मन आणि हॉलंडवाले या सगळ्यांनाच सरसकट डच म्हणायचे, आतल्या उंच भागातले हाय डच आणि समुद्राकडचे लो डच. पुढे १७व्या शतकात त्यांचा व्यापार, स्पर्धा, लढाया सगळं नेदरलँड्सवाल्यांशीच चाललेलं, मग शब्द त्यांनाच चिकटला. अमेरिकेतले पेनसिल्वेनिया डच मात्र मूळचे जर्मन भागातले, तिथे जुना अर्थ टिकलाय. आणि खुद्द डच माणूस स्वतःच्या भाषेला नेडरलांड्स म्हणतो, त्याच्या भाषेत 'डाउट्स' म्हणजे जर्मन! तरी त्यांच्या राष्ट्रगीतात विल्यम ऑफ ऑरेंज, म्हणजे स्पेनविरुद्धच्या त्यांच्या बंडाचा नेता, स्वतःला 'डाउट्स' रक्ताचा म्हणवतो, कारण गाणं १६व्या शतकातलं आहे, तेव्हा त्या शब्दाचा जुना, व्यापक अर्थ चालू होता.

'गो डच' म्हणजे आपापलं बिल आपण भरायचं, त्याला आपल्याकडे टीटीएमएम इतका फक्कड शब्द असताना इंग्रजी कशाला वापरायचं.

पण मला खरा आवडतो तो आपला जुना शब्द, वलंदेज. हा पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा शब्द 'ओलांदेस', म्हणजे हॉलंडचा, 'ह' ते उच्चारत नाहीत, आणि आपल्या तोंडी त्याचा झाला वलंदेज. 'इंग्लेस'चा इंग्रज झाला तो याच वाटेने, दोन्हीकडे शेवटचा 'ज' बघा. वेंगुर्ल्याला १७व्या शतकात वलंदेजांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, टोपीकरांच्या (युरोपियनांच्या) यादीत वलंदेज आहेतच. त्यामुळे शिवकाळावर लिहिताना तरी डचऐवजी वलंदेज लिहावं असं मला मनापासून वाटतं, तेव्हाच्या माणसांच्या तोंडी तोच शब्द होता. त्याच यादीतले डिंगमार म्हणजे मात्र डेन्मार्कचे लोक, ते डच नव्हेत, तिथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो.